अल्सर : दोष ताटाचा, जंतूचा की गोळ्यांचा?

पोटाच्या विकारांविषयी या वेळी आलेल्या पत्रांमध्ये जठर आणि लहान आतड्यातील अल्सरविषयी बरीच विचारणा झाली आहे. अनेक पत्रांच्या मुळाशी एकच शंका आहे की, आपण काहीतरी चुकीचे खाल्ले, किंवा घरच्यांना चुकीचे खाऊ घातले, म्हणून हे दुखणे मागे लागले. त्या शंकेचे निरसन व्हावे म्हणून निवडक पत्रांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे यजमान ४६ वर्षांचे आहेत. मध्यरात्री पोटात कळ येऊन त्यांना जाग येत असे, म्हणून दुर्बिणीतून तपासणी केली. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असल्याचे निदान झाले आणि अहवालात ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’ असेही लिहिले आहे. तेव्हापासून घरातील सर्वजण मला ऐकवत आहेत की, माझा हात तिखट-मसाल्याला सैल असल्यामुळेच हे झाले. मी आता सगळ्यांचाच स्वयंपाक बिनतिखटाचा करते. खरोखरच माझ्या हातून त्यांना हा आजार झाला का? — एक गृहिणी

उत्तर : ताई, नाही. आपल्या स्वयंपाकामुळे हा अल्सर झालेला नाही, आणि हे उत्तर घरातील सर्वांना वाचून दाखवावे, अशी माझी आपणास विनंती आहे.

तिखटाने होणारी जळजळ आणि अल्सर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उष्णतेची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवणारे जे मज्जातंतू असतात, त्यांनाच मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य चेतवते. त्यामुळे आग होत असल्याची भावना होते, प्रत्यक्षात मात्र काहीही भाजत नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. डेव्हिड ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची थेट तपासणी केली आणि १९८८ साली ती प्रसिद्ध केली. १२ निरोगी व्यक्तींना कधी सौम्य जेवण, कधी सौम्य जेवणासोबत ॲस्पिरिन, तर कधी झणझणीत जेवण देऊन प्रत्येक वेळी त्यांच्या जठराचे अस्तर दुर्बिणीतून पाहण्यात आले. ॲस्पिरिन घेतल्यानंतर बहुतेकांच्या अस्तरावर ओरखड्यांसारख्या जखमा दिसल्या. झणझणीत जेवणानंतर त्या क्वचितच आढळल्या. एवढेच नव्हे, तर ३० ग्रॅम वाटलेली मिरची थेट जठरात सोडल्यावरही अस्तराला डोळ्यांना दिसेल अशी इजा झाली नाही. हा प्रयोग लहान असला, तरी ज्या गोष्टीसाठी आपल्याला बोल लावला जात आहे, नेमकी तीच त्यात पडताळून पाहिली गेली होती.

मग अल्सर कशाने झाला, याचे उत्तर आपल्या यजमानांच्या अहवालातच आहे : एच. पायलोरी, म्हणजे जठरात राहणारा एक जंतू. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. रॉबिन वॉरेन यांना जठरदाह झालेल्या रुग्णांच्या ऊतींमध्ये वारंवार नागमोडी जंतू दिसत होते. इतक्या तीव्र आम्लात जंतू टिकूच शकत नाहीत, अशी त्या काळी वैद्यकाची ठाम समजूत होती. तरुण डॉ. बॅरी मार्शल त्यांच्यासोबत काम करू लागले, परंतु प्रयोगशाळेत तो जंतू काही केल्या वाढेना, कारण काचेच्या तबकड्या दोन दिवसांनी टाकून देण्याची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत काही तबकड्या तशाच राहून गेल्या आणि सुट्टीनंतर पाहतात तो जंतूंची वाढ झालेली. तरीही लोकांना पटेना, तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतःच तो जंतू मिसळलेले द्रावण प्यायले. काही दिवसांतच त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या अस्तराला सूज आलेली आढळली. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या यजमानांची तपासणी करताना डॉक्टरांनी काय पाहिले असेल, तेही सांगतो. अल्सर म्हणजे लालसर, किंचित सुजलेल्या काठांच्या मधोमध पांढरट तळ असलेला खळगा. त्या वेळी जठराच्या अस्तराचा तांदळाच्या दाण्याहूनही लहान तुकडा चिमट्याने काढून युरिया असलेल्या पिवळ्या जेलीत ठेवला जातो. हा जंतू युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) तयार करतो; ते युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करते आणि जेली पिवळ्याची गुलाबी होते. जठरातही तो हेच करत असतो. स्वतःभोवती अमोनियाचे कवच उभारून तो आम्लापासून बचावतो आणि अस्तरावरील श्लेष्माच्या, म्हणजे चिकट स्रावाच्या, थरात शिरून वर्षानुवर्षे राहतो. जठराच्या खालच्या भागात त्याने ठाण मांडले की आम्ल वाढवणारे संप्रेरक जास्त स्रवू लागते आणि ते जादा आम्ल पुढे लहान आतड्याच्या तोंडाशी जाऊन तेथे जखम करते. संसर्ग असलेल्या प्रत्येकाला अल्सर होत नाही. आयुष्यभरात त्यांच्यापैकी साधारण १० टक्के लोकांना तो होतो. कोणाला होईल हे जंतूच्या प्रकारावर, शरीराच्या प्रतिसादावर आणि तंबाखू किंवा वेदनाशामक गोळ्यांसारख्या इतर घटकांवर अवलंबून असते.

म्हणून घरच्यांना काही विचारायचेच असेल, तर यजमान धूम्रपान करतात का आणि अंगदुखीसाठी वरचेवर गोळ्या घेतात का, हे विचारावे. धूम्रपानामुळे अल्सर भरून यायला वेळ लागतो आणि जंतूवरील औषधांचा उपचारही अधिक वेळा फसतो. अल्सर असताना एखाद्या पदार्थाने त्रास वाढतो असे त्यांना स्वतःला जाणवत असेल, तर तेवढा पदार्थ काही आठवडे टाळावा. त्यासाठी सबंध घराने अळणी-बेचव जेवण्याचे काहीही कारण नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना एच. पायलोरीचा संसर्ग असल्याचे निष्पन्न झाले आहे. आमच्या घरात माणसे अधिक आणि खोल्या कमी आहेत. माझा मुलगा चार वर्षांचा असून तो आजीच्याच ताटात जेवतो आणि तिच्याजवळच झोपतो. त्याला हा संसर्ग होईल का? त्याची तपासणी करून घ्यावी का? — एक आई

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, कारण हा जंतू बहुतांशी बालपणातच शरीरात शिरतो, घरातल्याच माणसाकडून येतो आणि उपचार न केल्यास सहसा आयुष्यभर मुक्काम करतो. प्रौढ वयात तो नव्याने लागण्याचे प्रमाण त्यामानाने कमी असते. त्यामुळे ४०-५० व्या वर्षी झालेल्या अल्सरची सुरुवात पुष्कळदा रुग्णाला आठवतही नाही अशा वयात झालेली असते.

तो कसा पसरतो, याचे मार्ग तीन. उलटीवाटे जठरातील द्रव बाहेर येतो तेव्हा, लाळेवाटे, आणि विष्ठेने दूषित झालेल्या हातांवाटे, पाण्यावाटे किंवा अन्नावाटे. यांपैकी नेमका कोणता मार्ग किती प्रमाणात कारणीभूत असतो, हे ठिकाणानुसार बदलते. मात्र परिस्थितीचा प्रभाव किती खोल असतो, हे अनेक पाहण्यांतून स्पष्ट झालेले आहे. १९९२ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढांना त्यांच्या लहानपणच्या घराविषयी विचारण्यात आले. ज्यांचे बालपण दाटीवाटीच्या आणि गरम पाण्याची सोय नसलेल्या घरात गेले होते, त्यांच्यात हा संसर्ग अधिक आढळला. पेरूची राजधानी लिमा येथील मुलांच्या १९९१ सालच्या अभ्यासात पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि संसर्ग यांचा संबंध दिसला. कोलंबियातील अँडीज पर्वतराजीत राहणाऱ्या मुलांच्या पाहणीत ओढ्याचे पाणी पिणे, ओढ्यात पोहणे आणि कच्च्या भाज्या वरचेवर खाणे यांच्याशी तो निगडित असल्याचे १९९६ साली नोंदवले गेले. कच्ची भाजी स्वतः वाईट नसते. ती ज्या पाण्यावर वाढते आणि ज्या पाण्याने धुतली जाते, ते पाणी पाहावे लागते.

यावर माझे मत मी मोकळेपणाने मांडतो. या संसर्गाकडे एखाद्या आईच्या किंवा आजीच्या अस्वच्छतेचा पुरावा म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. ज्या देशांत गेल्या शतकात शुद्ध पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि राहायला पुरेशी जागा मिळत गेली, तेथे प्रत्येक नव्या पिढीत संसर्गाचे प्रमाण घटत गेले, आणि हे जंतूचा शोध लागण्याच्याही आधीपासून घडत होते. तेथील कुटुंबे अचानक अधिक टापटीप झाली नव्हती. त्यांच्या घरांत नळ आले होते.

आपल्या हातात जे आहे ते साधे आहे. मुलाचे ताट, पेला आणि चमचा वेगळा ठेवावा. घास आधी स्वतः चावून किंवा चमचा स्वतःच्या तोंडात घालून मग मुलाला भरवू नये. कोणाला उलटी झाली तर ती जागा लगेच धुवावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी हात धुणे तर आहेच. पाण्याच्या शुद्धतेची खात्री नसेल तर ते उकळून घ्यावे. उकळल्याने हा जंतू मरतो. आजीजवळ झोपण्याला मात्र मी मनाई करणार नाही. सासूबाईंनी उपचार पूर्ण केला की मुलाला असलेला धोका मुळातच कमी होईल.

मुलाला कोणताही त्रास नसेल, त्याची वाढ चांगली होत असेल, तर केवळ घरात रुग्ण आहे म्हणून त्याची तपासणी करण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ सहसा देत नाहीत. लहान मुलांत अल्सर क्वचितच होतो आणि दोन-तीन अँटिबायोटिक एकत्र देण्याचा उपचार गरज नसताना करणे योग्य नव्हे. वारंवार उलट्या, शौचातून रक्त किंवा औषधाने न भरून येणारी लोहाची कमतरता असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा सेवानिवृत्त गृहस्थ आहे. हृदयासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी आणि गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळी रोज घेतो. माझे जेवण अतिशय साधे आहे, मला कोणतेही व्यसन नाही आणि पोटही कधी दुखत नाही. तेव्हा मला अल्सरची भीती नाही, असे मानावे का?

उत्तर : आपले पत्र वाचून मला सर्वाधिक काळजी वाटली, म्हणून स्पष्ट लिहितो. अल्सरचा धोका आपल्याला आहे, आणि तो जेवणातून नव्हे तर त्या दोन गोळ्यांतून आलेला आहे.

जठराचे अस्तर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या साहाय्याने स्वतःचे रक्षण करत असते. श्लेष्मा तयार होणे, आम्लाचा प्रभाव नष्ट करणारे बायकार्बोनेट स्रवणे आणि अस्तराला रक्तपुरवठा सुरळीत राहणे, ही कामे त्यांच्यामुळे होतात. ॲस्पिरिन आणि तिच्यासारखी औषधे, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक इत्यादी, हीच द्रव्ये बनू देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. वेदना ज्यामुळे थांबते, त्यामुळेच पोटाची ढालही जाते. हा परिणाम रक्तावाटे होत असल्याने गोळीवर आवरण असले, ती जेवणानंतर घेतली किंवा तेच औषध इंजेक्शनने घेतले, तरी धोका टळत नाही. वय ६५ च्या पुढे असणे, दोन अशी औषधे एकत्र घेणे, पूर्वी अल्सर झालेला असणे, जोडीला स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारे औषध असणे यांतील प्रत्येक गोष्टीने तो वाढतो, आणि त्यातच एच. पायलोरीचा संसर्ग असेल तर कितीतरी पटींनी वाढतो.

पोट दुखत नाही, यावर विसंबून राहू नये. वेदनाशामक गोळीमुळे अल्सरची वेदनाही दबते आणि वयस्कर माणसांत कधीकधी थेट रक्तस्राव हेच पहिले लक्षण असते. डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा शौच होणे, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होणे, उभे राहताच अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळा होतो, परंतु तो असा चिकट आणि दुर्गंधीयुक्त नसतो. पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखी वेदना होऊन पोट फळीसारखे कडक होणे, हे अल्सर फुटल्याचे लक्षण असून त्याला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

हृदयासाठीची ॲस्पिरिन मात्र आपण स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती अशी बंद करण्याचे परिणाम अल्सरपेक्षाही घातक ठरू शकतात. दोन्ही गोळ्यांची नावे लिहून डॉक्टरांकडे जावे आणि त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात : गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल किंवा वरून लावण्याच्या मलमावर भागेल का, जठराच्या संरक्षणासाठी आम्ल कमी करणारी गोळी सोबत घ्यावी का, आणि एच. पायलोरीची तपासणी करावी का.

प्रश्न : अल्सरच्या रुग्णाने दर दोन तासांनी दूध प्यावे आणि चहा-कॉफी पूर्ण सोडावी, असे मला सांगण्यात आले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : दुधाचा सल्ला जुना आहे. शिकागोचे डॉ. बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ साली दर तासाला दूध व साय देण्याचा आहार सुचवला आणि पुढे कित्येक दशके जगभर तो पाळला गेला. दुधाने काही काळ बरे वाटते, परंतु त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम आम्लाचा स्राव वाढवतात. अन्न म्हणून दूध जरूर घ्यावे. औषध म्हणून घेऊ नये. कॉफीनेही आम्ल वाढते, अगदी कॅफीन काढलेल्या कॉफीनेही. मात्र जपानमध्ये ८,००० हून अधिक निरोगी व्यक्तींच्या २०१३ सालच्या अभ्यासात कॉफी आणि अल्सर यांचा संबंध आढळला नाही. त्रास होत नसेल तर ती सोडण्याची सक्ती नाही. मद्याचे मोठे घोट अस्तराला थेट इजा करतात आणि रक्तस्रावाची शक्यता वाढवतात, म्हणून अल्सर भरेपर्यंत ते पूर्ण वर्ज्य समजावे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे जठराच्या कर्करोगाने निधन झाले. मलाही एच. पायलोरीचा संसर्ग आहे. आहारात कोणता बदल करावा? ब्रोकोलीच्या मोडांनी हा जंतू जातो असे वाचले, ते खरे आहे का?

उत्तर : आपल्या बाबतीत आहाराआधी उपचार येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९४ साली या जंतूला मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात स्थान दिले. संसर्ग झालेल्यांपैकी फार थोड्यांनाच कर्करोग होतो. तरीही वडिलांना तो झालेला असताना जंतूचे निर्मूलन करून घेण्यात दिरंगाई करू नये आणि दुर्बिणीच्या तपासणीविषयीही तज्ज्ञांना विचारावे.

आहारात ज्या एका गोष्टीकडे मी बोट दाखवीन ती म्हणजे मीठ. खारवलेले मासे, मिठात मुरवून टिकवलेल्या भाज्या, धुरी दिलेले मांस यांचे सेवन जिथे अधिक, तिथे जठराचा कर्करोगही अधिक, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. अति मिठाने श्लेष्माचा संरक्षक थर बिघडतो, अस्तर दुखावते आणि जंतूला आपला अपाय करायला वाव मिळतो. दिवसभरात सर्व पदार्थांतून मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. फळे, भाज्या आणि तंतुमय पदार्थ भरपूर घ्यावेत. अमेरिकेतील पुरुषांच्या एका दीर्घ अभ्यासात तंतुमय आहार घेणाऱ्यांना लहान आतड्याचा अल्सर कमी झाल्याचे आढळले होते. तंबाखू कोणत्याही स्वरूपात असेल तर ती सोडावी.

ब्रोकोलीच्या मोडांविषयी आपण वाचलेले अर्धवट खरे आहे. जपानमध्ये संसर्ग असलेल्या व्यक्तींना ८ आठवडे रोज ७० ग्रॅम मोड देण्यात आले, तेव्हा जंतूंची संख्या कमी झाल्याची चिन्हे दिसली. पण मोड बंद केल्यावर दोन महिन्यांत स्थिती पूर्ववत झाली. म्हणून मोड आवडीने खावेत, पण त्यांच्या भरवशावर उपचार लांबवू नये.

प्रश्न : कामाच्या ताणामुळे अल्सर होतो असे पूर्वी म्हणत. आता सगळा दोष जंतूलाच दिला जातो. मग ताणाचा काहीच संबंध नाही का?

उत्तर : संबंध आहे, परंतु तो एकट्याने क्वचित काम करतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला त्या काळात फुटलेल्या अल्सरच्या रुग्णांची संख्या वाढल्याची नोंद तेथील डॉक्टरांनी केली होती. १९९५ च्या जानेवारीत जपानमधील कोबे परिसरात झालेल्या भूकंपानंतरही रक्तस्राव होणाऱ्या अल्सरमध्ये वाढ दिसली. असह्य ताणात झोप उडते, धूम्रपान आणि डोकेदुखीच्या गोळ्या वाढतात, आम्लाचा स्रावही बदलतो. जंतू आधीच ठाण मांडून असेल तर एवढे निमित्त पुरते. मात्र ताणावर बोट ठेवून जंतूची तपासणीच न करणे ही चूक आजही घडते, आणि त्या रुग्णाला पुन्हा पुन्हा त्याच दुखण्याला तोंड द्यावे लागते.

प्रश्न : एच. पायलोरीवरील १४ दिवसांचा औषधांचा कोर्स पूर्ण केला असून आता मला पूर्ण बरे वाटते. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे. ती खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : होय, आवश्यक आहे. बरे वाटणे म्हणजे जंतू गेला असे नव्हे. आम्ल कमी करणाऱ्या औषधानेही तेवढे बरे वाटते. काही अँटिबायोटिकना हा जंतू आता दाद देत नाही, त्यामुळे पहिला कोर्स निष्फळ ठरण्याची शक्यता असते आणि तसे झाल्यास दुसऱ्या वेळी वेगळी औषधे निवडावी लागतात. तपासणी श्वासाची किंवा शौचाच्या नमुन्याची करावी. रक्तातील प्रतिपिंडांची करू नये, कारण जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. औषधे संपल्यावर किमान ४ आठवडे जाऊ द्यावेत आणि आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर तपासणीच्या २ आठवडे आधी डॉक्टरांना विचारून ती थांबवावी. अन्यथा जंतू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो.